सल्फोनेशन वाढवले की वाहकता वाढते, पण मेंब्रेन फुगून निकामी होते: रचनेत नेमके काय बदलावे?

मृण्मयी_रसायन

नमस्कार. मी पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी.चे काम करते. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटासाठी फ्लोरिनविरहित प्रोटॉनवाहक मेंब्रेन (दोन इलेक्ट्रोडांमधला, प्रोटॉन पलीकडे नेणारा पातळ पडदा) तयार करणे हा माझा विषय आहे. तो निवडण्यामागचे कारण इथल्या अनेकांना ठाऊक असेल. या क्षेत्रावर गेली कित्येक दशके नाफिऑन या फ्लोरिनयुक्त पॉलिमरचे वर्चस्व आहे, ते महाग आहे, तापमान ९० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कोरडे पडू लागते, आणि आता तर परफ्लुओरो संयुगांच्या सबंध वर्गावरच निर्बंध येऊ घातले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी तसा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेपुढे ठेवला. त्याच्या महिनाभर आधी थ्रीएम कंपनीने २०२५ अखेरपर्यंत या संयुगांच्या उत्पादनातून बाहेर पडण्याचे जाहीर केले होते. त्यामुळे पर्याय शोधण्याची गरज आता केवळ खर्चापुरती उरलेली नाही.

सध्या मी बाजारात मिळणारी पीईईके (पॉलिईथर ईथर कीटोन) या पॉलिमरची भुकटी संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळवून तिचे सल्फोनेशन करते, म्हणजे तिच्या साखळीवर सल्फोनिक आम्लगट जोडते. वेळ आणि तापमान सांभाळले की सल्फोनेशनचे प्रमाण हवे तसे मिळते. अडचण त्यानंतर सुरू होते. ६० टक्के सल्फोनेशन असलेली फिल्म, म्हणजे ग्रॅममागे सुमारे १.७८ मिलिइक्विव्हॅलंट आयन-विनिमय क्षमतेची (ही क्षमता म्हणजे ग्रॅममागच्या आम्लगटांचे माप), हाताळायला चांगली आहे, पण तिची वाहकता नाफिऑनच्या मागे राहते. ८० टक्क्यांची फिल्म, जिची क्षमता २.२७ आहे, साध्या तापमानाच्या पाण्यात उत्तम वाहकता दाखवते. पण तीच ८० अंशांच्या पाण्यात ठेवली की इतकी फुगते आणि मऊ पडते की चिमट्याने उचलताही येत नाही. शिवाय सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांपर्यंत उतरवली की दोन्ही फिल्मांची वाहकता कोसळते.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट ही की नाफिऑन ११७ ची आयन-विनिमय क्षमता अवघी ०.९१ आहे. माझ्या फिल्ममध्ये ग्रॅममागे त्याच्या जवळपास दुप्पट ते अडीचपट आम्लगट आहेत, तरीही कोरड्या हवेत तीच मागे पडते, याचा अर्थ कसा लावावा? सल्फोनेशनचे प्रमाण ६० आणि ८० च्या मध्ये कुठेतरी नेमके साधणे एवढाच उपाय आहे, की पॉलिमरची रचनाच मुळातून बदलायला हवी? आडबंध (साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध) घालणे, ब्लॉक कोपॉलिमर (वेगळ्या गुणांचे लांब तुकडे जोडलेला पॉलिमर), सिलिकासारखे अजैविक कण मिसळणे असे अनेक मार्ग शोधनिबंधांत वाचले, पण कोणता मार्ग कोणत्या दोषावर काम करतो याची सलग मांडणी मला सापडली नाही.

सह्याद्री_पॉलिमर

मृण्मयी, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे, कारण तुम्ही योग्य जागी अडखळला आहात. आम्लगट किती आहेत यापेक्षा ते कुठे बसले आहेत आणि त्यांच्याभोवती पाणी कोणत्या आकारात साठते, यावर हे सगळे शास्त्र उभे आहे. ६० आणि ८० च्या मध्ये ७० टक्क्यांची फिल्म तुम्ही जरूर करून पाहा, पण तिच्याकडून या दोन्ही दोषांवर उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी तुलनेचे माप दुरुस्त करू. आयन-विनिमय क्षमता आपण ग्रॅममागे मोजतो, पण प्रोटॉन चालतो तो आकारमानातून, आणि तेही फुगलेल्या, ओल्या आकारमानातून. कोरड्या नाफिऑनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २ ग्रॅम आहे, तर तुमच्या पॉलिमरची १.३५ च्या आसपास असते. त्यामुळे आकारमानाच्या हिशेबात नाफिऑन १.८ आणि तुमची ६० टक्क्यांची फिल्म २.४ अशी तफावत उरते. ती दुपटीची राहत नाही. आता पाणी धरा. समजा ८० टक्क्यांच्या फिल्मने स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषले. मग एक ग्रॅम पॉलिमरचे ०.७४ घन सेंटिमीटर अधिक पाण्याचे १ घन सेंटिमीटर, म्हणजे १.७४ घन सेंटिमीटरमध्ये २.२७ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल पसरले, आणि ओली तीव्रता १.३ वर आली. ६० टक्क्यांची फिल्म वजनाच्या ३५ टक्के पाणी घेत असेल, तर तिची ओली तीव्रता १.६ निघते. म्हणजे सल्फोनेशन वाढवून प्रत्यक्षात तुम्ही आम्ल पातळ केलेत. दर आम्लगटामागे पाण्याचे किती रेणू हा आकडाही काढून ठेवा; वरच्या उदाहरणात तो ६० टक्क्यांसाठी सुमारे ११ आणि ८० टक्क्यांसाठी सुमारे २४ येतो. नाफिऑन संपृक्त वाफेत १४ आणि द्रव पाण्यात २२ च्या आसपास रेणू घेते, आणि तरीही त्याची फिल्म हातात धरता येते. एवढे पाणी घेऊनही तिचा सांगाडा ढिला पडत नाही, याचे कारण समजून घेणे हे खरे काम आहे.

नाफिऑनची मुख्य साखळी टेफ्लॉनची आहे, म्हणजे पाण्याचा जितका तिटकारा करता येईल तितका ती करते, आणि तिचे काही भाग स्फटिकरूपात एकमेकांना घट्ट धरून राहतात. सल्फोनिक गट या साखळीवर थेट बसलेला नाही. तो ईथर (ऑक्सिजनने जोडलेल्या) बंधांच्या लवचिक उपशाखेच्या टोकाला आहे, म्हणून त्याला साखळीपासून दूर सरकून आपल्यासारख्या इतर गटांच्या जवळ जाता येते. शिवाय शेजारच्या फ्लोरिन अणूंमुळे तो विलक्षण तीव्र आम्ल आहे. त्याचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) उणे ६ च्या आसपास मानला जातो, तर सुगंधी, म्हणजे बेंझिनसारख्या, वलयावरच्या सल्फोनिक गटाचा उणे १ च्या आसपास. या सगळ्याचा परिणाम म्हणून पाणी आणि सांगाडा एकमेकांपासून स्वच्छ वेगळे होतात. गीर्के आणि ह्सू यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४ नॅनोमीटरचे गोलाकार साठे आणि त्यांना जोडणाऱ्या १ नॅनोमीटरच्या वाटा असे चित्र मांडले. २००८ मध्ये श्मिट-रोर आणि चेन यांनी त्याच क्ष-किरण विकिरणाच्या आलेखांवरून समांतर दंडगोलाकार जलमार्गांचे चित्र मांडले. नेमका आकार कोणता यावर अजून वाद आहे, पण मार्ग रुंद आणि सलग आहेत याबद्दल फारसा वाद नाही.

आता तुमचा पॉलिमर पाहा. पीईईकेची साखळी ताठ आहे, ती टेफ्लॉनइतकी जलविरोधी नाही, आणि सल्फोनिक गट थेट तिच्याच वलयावर, दोन ईथर बंधांच्या मधल्या वलयावर, जिथे बसला तिथे खिळलेला आहे. त्याला सरकायला जागा नाही. क्रॉयर यांनी २००१ मध्ये नाफिऑनची या कुळातल्या पॉलिमरशी तुलना केली तेव्हा हेच दिसले: जलमार्ग अरुंद, फाटे फार, आणि कित्येक मार्ग पुढे बंद. जुन्या पेठेतल्या बोळांतून वाट काढताना मधेच भिंत लागावी तसे प्रोटॉनचे होते. फिल्म पुरेशी ओली असताना हे खपून जाते, कारण पाणी सगळे बोळ भरून टाकते. आर्द्रता उतरली की अरुंद जागी उरलेले पाणी आम्लगटांना इतके घट्ट चिकटलेले असते की एका रेणूकडून दुसऱ्याकडे प्रोटॉन सोपवण्याची जी ग्रोथस पद्धत आहे ती मंदावते. मग प्रोटॉनला पाण्याच्या रेणूवर स्वार होऊन रांगत जावे लागते. तुमची वाहकता ५० टक्के आर्द्रतेला कोसळते ती यामुळे. नाफिऑनचीही घटते, पण काही पटींनी. या कुळातल्या पॉलिमरची दहापटीहून अधिक घटू शकते.

म्हणून रचना बदलण्याचे मार्ग मी दोन प्रश्नांनुसार पाहतो. एखादा उपाय आम्लगटांना एकत्र आणतो का, आणि एखादा उपाय सांगाड्याला पाण्याविरुद्ध धरून ठेवतो का? आडबंध फक्त दुसरे काम करतात. सिलिकाचे कण बहुतेकदा यांपैकी एकही काम नीट करत नाहीत. ते थोडे पाणी धरून ठेवतात, पण जागा व्यापतात आणि स्वतः प्रोटॉन वाहत नाहीत. त्यावरचे निबंध पुष्कळ आहेत, पण तुम्ही त्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लॉक कोपॉलिमर दोन्ही कामे करू पाहतात. व्हर्जिनिया टेकमध्ये मॅकग्रा यांच्या गटाने आधी सल्फोनेटेड मोनोमर (पॉलिमरचे सुटे घटक) तयार करून त्यापासून पॉलिमर बांधला, आणि नंतर जलस्नेही आणि जलविरोधी लांब तुकडे आळीपाळीने जोडले. तुकड्यांची लांबी वाढत गेली तसे जलमार्ग सलग होत गेले आणि कमी आर्द्रतेतली वाहकता सुधारली. मोनोमरपासून सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा असा की सल्फोनिक गट सल्फोनच्या शेजारच्या, इलेक्ट्रॉनची ओढ असलेल्या वलयावर बसवता येतो. तिथे तो अधिक तीव्र आम्ल होतो आणि गरम पाण्यात सहज सुटूनही जात नाही. तयार पॉलिमरवर नंतर सल्फोनेशन करताना तो नेमका उलट, म्हणजे इलेक्ट्रॉनसमृद्ध वलयावर जाऊन बसतो, आणि जिथे तो सहज बसतो तिथून तो सहज निघूही शकतो.

घट_अभियंता

वरचे विवेचन मोलाचे आहे. मी रसायनज्ञ नाही. मेंब्रेनला दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड लावून घट चालवणे हे माझे काम आहे, म्हणून त्या बाजूने एक मुद्दा आग्रहाने मांडतो. तुमचे अंतिम माप वाहकता नसून दर क्षेत्रफळाचा रोध आहे, आणि तो जाडीला वाहकतेने भागून मिळतो.

हिशेब करून पाहा. नाफिऑन ११७ सुमारे १८० मायक्रॉन जाड आहे. वाहकता सेंटिमीटरला ०.१ सीमेन्स धरली तर रोध ०.१८ ओहम-चौरस सेंटिमीटर येतो. दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर प्रवाह घेतला की ०.१८ व्होल्ट मेंब्रेनमध्येच जातात, आणि घट मिळून देतो साधारण ०.६५ व्होल्ट. तेच पॉलिमर २५ मायक्रॉनचे केले की तोटा ०.०२५ व्होल्टवर येतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवलेले उद्दिष्ट ०.०२ ओहम-चौरस सेंटिमीटरचे आहे. तुमच्या ६० टक्क्यांच्या फिल्मची वाहकता ०.०५ धरली, तर ५० मायक्रॉन जाडीला रोध ०.१ येईल आणि १० मायक्रॉनला ०.०२. म्हणजे वाहकता दुप्पट करण्यासाठी तुम्ही जो जीव टाकता आहात, तेवढाच परिणाम जाडी निम्मी करून मिळतो. पातळ मेंब्रेनचा दुसरा लाभही मोठा आहे. प्रोटॉन ॲनोडकडून कॅथोडकडे जाताना पाणी आपल्यासोबत ओढून नेतो आणि ॲनोडची बाजू कोरडी पडते. मेंब्रेन पातळ असेल तर कॅथोडवर तयार झालेले पाणी झिरपून मागे येते, आणि बाहेरून दमट वायू पुरवण्याची गरज कमी होते.

अर्थात पातळ फिल्म फाटते, आणि तिच्यातून हायड्रोजन पलीकडे झिरपतो. फ्लोरिनविरहित सुगंधी पॉलिमर इथे नाफिऑनहून सरस आहेत, कारण त्यांतून वायू काही पटींनी कमी झिरपतो, आणि हा गुण फारच थोडे लोक वापरून घेतात. फाटण्यावरचा उपाय रासायनिक असायलाच हवा असे नाही. गोर कंपनीने ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनच्या जाळीत आयनोमर (आयन वाहणारा पॉलिमर) भरला आणि त्यातून अतिशय पातळ, तरीही बळकट मेंब्रेन मिळाली. तुम्हाला फ्लोरिन टाळायचे असेल तर पॉलिइथिलीनची सच्छिद्र फिल्म किंवा इलेक्ट्रोस्पिनिंगने विणलेले पीबीआयचे (पॉलिबेंझिमिडाझोल या पॉलिमरचे) तंतू वापरता येतील; पीबीआयचे नायट्रोजन सल्फोनिक गटांना धरूनही ठेवतात. जाळी असली की फिल्म लांबी-रुंदीत फुगत नाही, फक्त जाडीत फुगते, आणि घटाला तेवढे चालते. घटाला जाच होतो तो लांबी-रुंदीतल्या फुगण्याचा, कारण चौकट घट्ट दाबलेली असते. ओली झाल्यावर फिल्मला सुरकुत्या पडतात आणि सुकताना गॅस्केटच्या कडेला ती ताणली जाऊन चिरते.

तेव्हा तुमची ८० अंशांच्या पाण्यातली परीक्षा कडक आहे हे खरे, पण ती पुरेशी नाही. आर्द्रतेची आवर्तने ही त्याहून निर्दय परीक्षा आहे. वाहनांसाठीच्या चाचणीत ८० अंशांवर दोन मिनिटे कोरडा आणि दोन मिनिटे पूर्ण दमट वायू सोडत २०,००० आवर्तने केली जातात. सुगंधी पॉलिमर कोरडे असताना ठिसूळ असतात, म्हणून फुगण्याच्या तक्त्याशेजारी कोरड्या फिल्मची तुटेपर्यंतची ताण-वाढही मोजा.

मृण्मयी_रसायन

दोघांचे मनापासून आभार. ओल्या आकारमानातली आम्लतीव्रता आणि क्षेत्रफळाचा रोध ही दोन्ही मापे मी आजपासून तक्त्यात घेते आहे. दोन शंका उरल्या. मोनोमरपासून ब्लॉक बांधण्याचे संश्लेषण मला जमेल, पण त्यात ईथर बंध राहतातच. घटात तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांपुढे (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या, अतिशय क्रियाशील कणांपुढे) ते टिकतील का? दुसरी शंका मार्गदर्शकांच्या सूचनेतून आली. आम्लधर्मी मेंब्रेन सोडून हायड्रॉक्साइड वाहणाऱ्या मेंब्रेनकडे वळावे, म्हणजे प्लॅटिनमचीही गरज कमी होईल, असे त्यांना वाटते. त्या बाजूला रचनेचे प्रश्न सोपे आहेत का?

राइनकाठचा

मी जर्मनीत याच क्षेत्रात काम करतो, आणि मराठीत ही चर्चा इतक्या तपशिलाने चाललेली पाहून समाधान वाटले. दोन्ही शंकांवर लिहितो.

मूलकांचा प्रश्न या मेंब्रेनइतकाच जुना आहे. १९६५ मध्ये जेमिनी ५ यानात जनरल इलेक्ट्रिकचे जे घट गेले, त्यांत सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनची मेंब्रेन होती. वलयाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन मूलकांनी सहज ओढून नेला जाई आणि साखळी तुटत जाई. डू पाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी नाफिऑन घडवले ते त्याच दशकात. त्याला मोठा आधार मिळाला तो क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) उद्योगाचा, पण इंधन घटाचे आयुष्यही त्यानेच वाढवले, कारण तिथे ओढून न्यायला कार्बन-हायड्रोजन बंधच नव्हते. तुमच्या पॉलिमरमध्ये मूलक वलयावर चढतो आणि ईथर बंधाशी साखळी तुटते. म्हणून सह्याद्री_पॉलिमर यांच्या सल्ल्याशी मी एका ठिकाणी असहमत आहे. नव्याने संश्लेषण करायचेच असेल, तर ईथर बंध असलेल्या ब्लॉकवर दोन वर्षे घालवण्यापेक्षा मुख्य साखळीत फक्त कार्बन-कार्बन बंध असलेल्या पॉलिफिनिलीनकडे जावे. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात मियातके यांच्या गटाने आणि कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात होल्डक्रॉफ्ट यांच्या गटाने हा मार्ग बराच पुढे नेला आहे. हे पॉलिमर ताठ असल्याने ठिसूळ होतात, हा त्यांचा खरा दोष. पण घट_अभियंता यांनी सांगितलेली जाळी नेमक्या त्याच दोषावर काम करते.

परीक्षेबद्दल एक सावधगिरी बाळगा. लोहाचे आयन मिसळलेल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, ८० अंशांवर, म्हणजे फेंटन द्रावणात, सुगंधी पॉलिमर काही तासांत तुकडे होऊन पडतात, आणि अनेकजण तिथेच निराश होतात. घटात मात्र मूलक तयार होतात ते पलीकडे झिरपलेल्या वायूंमुळे, आणि तुमच्या फिल्ममधून वायू झिरपतो कमी. त्यामुळे उघड्या परिपथाच्या व्होल्टेजवर (बाहेर प्रवाह न घेता) घट चालत ठेवून घेतलेल्या चाचणीत हेच पॉलिमर फेंटन द्रावणावरून वाटते त्यापेक्षा बरेच जास्त टिकू शकतात. फेंटन चाचणी आपल्याच दोन रचनांच्या तुलनेपुरती वापरा. सिरियमचे आयन थोडे मिसळले तर ते मूलकांना विझवतात आणि पेरॉक्साइडच्या मदतीने पुन्हा पूर्वस्थितीत येतात. पण एक सिरियम आयन तीन सल्फोनिक गट अडवून बसतो आणि आर्द्रतेच्या उतारावर जागाही सोडतो, हे लक्षात घेऊन मात्रा ठरवावी.

आता हायड्रॉक्साइडचा मार्ग. तो सोपा नाही; तिथे संकट वेगळ्या जागी आहे. आम्लधर्मी मेंब्रेनमध्ये सल्फोनिक गट स्वतः बराचसा स्थिर असतो आणि सांगाडा धोक्यात येतो. इथे वाहून नेला जाणारा हायड्रॉक्साइड हाच मेंब्रेनचा शत्रू आहे: तो मेंब्रेनवरच्या धनभारित चतुर्थक अमोनियम गटावर हल्ला करतो, आणि साखळीतले ईथर बंधही तोडतो. पाण्यात हायड्रॉक्साइडची गतिशीलता प्रोटॉनच्या ५५-६० टक्केच आहे, म्हणून तितक्याच वाहकतेसाठी अधिक आयनगट लागतात, आणि तुमचा फुगण्याचा प्रश्न तिथेही समोर उभा राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की हायड्रॉक्साइडचे बायकार्बोनेट होते आणि वाहकता आणखी उतरते.

तरीही गेल्या दशकात तिथे मोठी प्रगती झाली आहे हे नाकारता येणार नाही. मारिनो आणि क्रॉयर यांनी २०१५ मध्ये वेगवेगळे अमोनियम क्षार ६ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १६० अंशांवर ठेवून त्यांचे अर्धायुष्य मोजले. पूर्वी सर्रास वापरला जाणारा बेंझिल ट्रायमिथिल गट सुमारे ४ तासांत निम्मा झाला, तर वलयात बांधलेला पायपेरिडिनियम गट सुमारे ८७ तास टिकला. २०१९ मध्ये डेलावेअर विद्यापीठात यान यांच्या गटाने ईथरविरहित सुगंधी साखळीत हाच पायपेरिडिनियम गुंफलेला पॉलिमर मांडला, आणि त्याचे संश्लेषण तीव्र आम्लाच्या उत्प्रेरणाने, पॅलेडियमसारखा धातू न वापरता होते. एक इशारा देतो. ही अर्धायुष्ये भरपूर पाण्यातली आहेत. घटात कॅथोडची बाजू कोरडी पडते, हायड्रॉक्साइडभोवतीचे पाण्याचे कवच पातळ होते, आणि मग तो कितीतरी अधिक आक्रमक होतो. बाटलीत टिकलेला गट घटात टिकेलच असे नाही. माझे मत विचाराल तर पीएच.डी.च्या मध्यावर बाजू बदलू नका. ईथर बंध टाळण्याचा धडा मात्र तिकडून जरूर घ्या, कारण त्याचा उपयोग दोन्हीकडे आहे.

घट_अभियंता

कोरडेपणावर आणखी एक मार्ग आहे, त्याची नोंद इथे असावी. पीबीआयमध्ये फॉस्फोरिक आम्ल मुरवले तर पाण्यावरचे अवलंबित्वच जवळपास संपते, कारण फॉस्फोरिक आम्ल स्वतः प्रोटॉन सोपवत नेते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठातून ही कल्पना पुढे आली. असे घट १६० अंशांच्या आसपास चालतात आणि हायड्रोजनमध्ये एखादा टक्का कार्बन मोनॉक्साइड असला तरी सहन करतात. ८० अंशांच्या घटाला दशलक्षात दहा भागही त्रास देतात. त्यामुळे मिथेनॉलपासून जागेवर हायड्रोजन काढून चालवायच्या स्थिर यंत्रणांना ते सोयीचे आहेत. आपल्याकडे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांनी पुण्याच्या थर्मॅक्स कंपनीबरोबर याच पद्धतीची ५ किलोवॅटची यंत्रणा विकसित केली आणि ती २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सादर झाली. वाहनांसाठीचा कमी तापमानाचा मार्ग वेगळा; त्यात पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत केपीआयटी कंपनीबरोबर २०२० मध्ये गाडीची चाचणी झाली. फॉस्फोरिक आम्लाची मर्यादा अशी की घट थंड होऊन आत पाणी साचले की आम्ल धुऊन जाते, आणि फॉस्फेट प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनची अभिक्रिया मंदावते. वारंवार बंद-चालू होणाऱ्या वाहनाला ते मानवत नाही.

सह्याद्री_पॉलिमर

राइनकाठचा यांचा ईथर बंधांबाबतचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त एक भर घालतो. पॉलिफिनिलीनच्या संश्लेषणात निकेलची मोठी मात्रा लागू शकते, आणि फिल्ममध्ये उरलेला धातू मूलकांना जन्म देतो. तो आम्लाने पुन्हापुन्हा धुऊन काढावा लागतो, आणि तो गेल्याची खात्री मोजून करावी लागते. ही सोय तुमच्या संस्थेत आहे का ते आधी पाहा. नसेल तर ब्लॉक कोपॉलिमरचा मार्ग वाईट नाही. त्यातून रचना आणि वाहकता यांचे नाते तुम्ही स्वच्छ दाखवू शकाल, आणि प्रबंधाला तेवढे बळ पुरते.

नव्या संश्लेषणाला हात घालण्याआधी हातातल्या ६० टक्क्यांच्या फिल्मकडून अजून काय मिळते ते काढून घ्या. डायमिथिल सल्फॉक्साइडमधून ओतलेली फिल्म १६०–१८० अंशांवर काही तास तापवली की काही सल्फोनिक गट शेजारच्या साखळीच्या वलयाशी सल्फोन पूल बांधतात. आयन-विनिमय क्षमता थोडी घटते, पण गरम पाण्यातले फुगणे पुष्कळ आटोक्यात येते. मग सुरुवातीला ७० टक्क्यांपर्यंत सल्फोनेशन करून तापवण्यात काही गट खर्ची घालता येतात. यासाठी नवे रसायन काहीच लागत नाही.

वाहकता कमी येण्याचे एक साधे कारणही आधी तपासून घ्या. तुम्ही फिल्म डायमिथिलफॉर्मामाइडमधून ओतत असाल, तर तो द्रावक सल्फोनिक गटांना हायड्रोजन बंधाने घट्ट चिकटतो, आणि तापवताना आम्लाच्या सान्निध्यात त्याचे विघटन होऊन डायमिथिलअमाइन निघते. ते अमाइन सल्फोनिक गटाशी क्षार बनवून बसते. फिल्म दिसायला निर्दोष असते, पण तिचे कित्येक गट कामातून गेलेले असतात. ओळखण्याची खूण अशी: प्रोटॉन एनएमआर वर्णपटावरून काढलेले सल्फोनेशन आणि मिठाच्या द्रावणात फिल्म रात्रभर बुडवून सुटलेल्या आम्लाच्या टायट्रेशनवरून काढलेले सल्फोनेशन यांची तुलना करा. टायट्रेशनचा आकडा लक्षणीय कमी आला, तर गट अडवले गेले आहेत. फिल्म एक मोलर सल्फ्युरिक आम्लात गरम करून, मग पाण्यात उकळी न आणता चांगली धुऊन पुन्हा टायट्रेशन करा. वाहकता मोजताना सूत्रात जाडी ओल्या फिल्मचीच घाला, आणि चार इलेक्ट्रोडच्या पद्धतीने पृष्ठाला समांतर मोजलेल्या आकड्यावर थांबू नका. घटात प्रोटॉन फिल्मच्या आरपार जातो, आणि ब्लॉक कोपॉलिमरचे थर आडवे पसरले असतील तर त्या दिशेची वाहकता बरीच कमी निघू शकते. दोन्ही दिशांचे आकडे हाती आले की इथे टाका, त्यावरून ब्लॉकची लांबी किती ठेवावी हे ठरवता येईल.

मृण्मयी_रसायन

मी आतापर्यंत डायमिथिलफॉर्मामाइडच वापरत आले आहे, आणि टायट्रेशनचे आकडे एनएमआरपेक्षा सातत्याने कमी येत होते. तो फरक मी पद्धतीतली चूकभूल म्हणून धरला होता. आधी आम्लात धुऊन हे पुन्हा मोजते, मग डायमिथिल सल्फॉक्साइडमधून ओतून तापवलेल्या फिल्म करते. आरपार वाहकतेसाठी शेजारच्या विभागातला इम्पीडन्स मोजण्याचा संच मिळतो का ते विचारले आहे. दोन्ही दिशांचे आकडे, ओली जाडी आणि दर आम्लगटामागचे पाणी यांचा तक्ता याच धाग्यात टाकेन.